विल्यम बॉर्डन : ग्रंथपाल घडविणारा ग्रंथपाल

वाचनालय ही संस्था महाराष्ट्राला नवी नव्हे. रत्नागिरीस १८२८ सालीं आणि अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १८३८ सालीं वाचनालय स्थापन झालें. पुढें नाशिक, पुणें येथेंहि तीच प्रथा रूढ झाली. परंतु पुस्तकें सांभाळणाऱ्या माणसानें आपलें काम शिकावें कोठें, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नाहीं. पुस्तकें सामान्यतः कुलुपबंद कपाटांत असावयाचीं, आणि कोणतें पुस्तक कोठें आहे हें एखाद्या जुन्या कारकुनाच्या स्मरणांत असावयाचें. तो रजेवर गेला कीं वाचनालयहि जणूं रजेवर जाई. ग्रंथपालन हें शिकण्याजोगें आणि शिकविण्याजोगें शास्त्र आहे, ही दृष्टि हिंदुस्थानांत प्रथम रुजली ती मराठी राजाच्या बडोद्यांत. आणि ती रुजविणारे गृहस्थ मात्र अमेरिकन होते.

त्यांचें नांव विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन. बोस्टनच्या अ‍ॅथेनियम ग्रंथालयांत चार्ल्स कटर या नामांकित ग्रंथपालांच्या हाताखालीं ते तयार झाले. मेल्व्हिल ड्यूई यांनीं १८८७ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत ग्रंथपालांची शाळा उघडली, तेव्हां तेथेंहि बॉर्डन यांनीं अध्यापन केलें. पुढें न्यू हेवन शहरांतील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचें काम त्यांनीं अनेक वर्षें पाहिलें.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं बडोदें राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें होतें. शाळेंत अक्षरओळख झाली, पण घरीं वाचावयास कांहींच नसलें, तर ती ओळख चार-दोन वर्षांत पुसून जाते. शिक्षणावर केलेला खर्च व्यर्थ ठरतो. अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहून महाराजांना या अडचणीवरचा उपाय दिसला, आणि १९१० सालीं त्यांनीं बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केलें.

राजवाड्यांतील सुमारें २०,००० ग्रंथांचा संग्रह महाराजांनीं मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. पण ग्रंथांचा ढीग म्हणजे ग्रंथालय नव्हे. प्रत्येक पुस्तकाला विषयानुरूप ठरलेलें स्थान हवें; सूचींत त्याची नोंद हवी; आणि नोंद पाहतांच कोणालाहि तें हातीं लागलें पाहिजे. यासाठीं बॉर्डन यांनीं कटर यांच्या पद्धतींतील अक्षरें आणि ड्यूई यांच्या पद्धतींतील दशांश अंक यांची सांगड घालून बडोद्यापुरतें स्वतंत्र वर्गीकरण तयार केलें. वाचकाला कपाटापर्यंत जाऊन स्वतः पुस्तक निवडूं देणारी मुक्तद्वार पद्धतीहि तेथें चालू झाली. जें पूर्वीं एका माणसाच्या डोक्यांत असे, तें आतां सर्वांसाठीं कागदावर उतरलें.

तथापि त्यांचें सर्वांत टिकाऊ कार्य निराळेंच आहे. १९११ सालीं त्यांनीं बडोद्यास ग्रंथपालांचा वर्ग उघडला. हिंदुस्थानांतील अशा शिक्षणाचा हाच आरंभ होय. गांवोगांवच्या ग्रंथालयांसाठीं एक तृतीयांश रक्कम लोकांनीं, एक तृतीयांश प्रांत पंचायतीनें आणि तितकीच सरकारनें द्यावी, अशी योजना होती. दूरच्या खेड्यांना लांकडी पेट्यांतून फिरतीं ग्रंथालयें पाठविलीं जात. हा पसारा एका परदेशी अधिकाऱ्याच्या बळावर चालणें शक्य नव्हतें. त्याला शिकलेलीं माणसें हवीं होतीं. १९१२ सालीं ग्रंथालयविषयक एक त्रैमासिकहि निघालें आणि त्यांत इंग्रजीबरोबर मराठी व गुजराती मजकूर येऊं लागला.

१९१३ सालीं बॉर्डन मायदेशीं परतले. अवघीं तीन वर्षें! येथेंच त्यांच्या कामाची खरी कसोटी लागली. एरवीं परदेशी तज्ज्ञ गेला कीं त्याची योजनाहि दप्तरांत गुंडाळली जाते. बडोद्यांत तसें झालें नाहीं. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं ती धुरा उचलली आणि १९१९ सालीं या चळवळीचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. १९१५ सालीं लाहोरास आसा डॉन डिकिन्सन यांनीं, १९२९ सालीं मद्रासेस रंगनाथन यांच्या प्रेरणेनें, आणि पुढें मुंबईसहि ग्रंथपालनाचे वर्ग निघाले. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला.

पुस्तकें विकत घेतां येतात, इमारतहि देणगींतून उभी राहते. परंतु आलेल्या वाचकाला नेमकें हवें तें पुस्तक काढून देणारा हात शिकवूनच तयार करावा लागतो. अहमदनगरासारख्या जुन्या वाचनालयाच्या गांवीं एखादा विद्यार्थी सूचींतील क्रमांक पाहून थेट कपाटापाशीं जातो, तेव्हां त्याच्या त्या चार पावलांमागें कोणाचें तरी ग्रंथपालनाचें शिक्षण उभें असतें. त्या शिक्षणाचा पहिला धडा या देशांत १९११ सालीं बडोद्यास दिला गेला.