वय झालें, कीं बळ गेलें?

घरांतील आजीबाई लोणच्याच्या बरणीचें झांकण उघडूं पाहतात. तें फिरत नाहीं, म्हणून बरणी मुकाट्यानें सुनेच्या हातीं देतात. आजोबा खुर्चीवरून उठतांना दोन्ही हातांनीं गुडघ्यांवर भार देतात. बांगड्या सैल होतात, चाल मंदावते, आणि घरांतील मंडळी एकच निदान करतात : "वय झालें!" आजच्या भाषणांत मला या निदानाबद्दलच शंका काढावयाची आहे. वय सर्वांचेंच होतें. पण ७५ व्या वर्षीं एक गृहस्थ जिना चढतो आणि त्याच वयाचा दुसरा उंबरठ्यालाहि अडतो, याचा उलगडा नुसत्या वयानें होत नाहीं.

या दुर्बलतेच्या मुळाशीं पुष्कळदां स्नायूंचा ऱ्हास असतो. अमेरिकन पोषणशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनीं १९८८ सालीं त्याला 'सार्कोपीनिया' हें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत 'सार्क्स' म्हणजे मांस व 'पेनिया' म्हणजे उणीव. ही उणीव मोठी फसवी असते. मांस झडतें आणि त्याच वेळीं चरबी सांचत असली, तर वजनाचा कांटा जागचा हालत नाहीं व प्रकृति ठीक वाटते. पुढें साधा ताप येतो, आठ दिवस अंथरुणांत जातात, आणि तापांतून उठलेला मनुष्य पूर्वीसारखा चालूं शकत नाहीं. किंवा न्हाणीघरांत पाय घसरतो. तोल सांवरण्याइतकें बळ मांड्यांत उरलेलें नसतें, आणि खुब्याचें हाड मोडतें.

हें संकट आधीं ओळखतां येतें काय? अवश्य येतें. आपण वृद्धांना डॉक्टरांकडे नेतों तेव्हां रक्तदाब पाहिला जातो, साखर तपासली जाते. परंतु रुग्ण दारांतून कसा चालत आला, इकडे क्वचितच लक्ष जातें. वस्तुतः तपासणी तेथूनच सुरू व्हावी. आशियांतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें २०१९ सालीं यासाठीं सोपीं मापें ठरवून दिलीं. नेहमींच्या चालीनें ६ मीटर जाण्यास ६ सेकंदांहून अधिक वेळ लागला. हात छातीशीं बांधून खुर्चीवरून ५ वेळां उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागले. किंवा पकड मोजणाऱ्या यंत्रावर पुरुषाची पकड २८ किलोग्रॅमहून व स्त्रीची १८ किलोग्रॅमहून कमी भरली, तर संशय घ्यावा. घरींहि एक खूण पाहतां येते. ती जपानांत प्रचारांत आहे. आपल्या दोन्ही हातांचे आंगठे व तर्जनी जोडून कडें करावें आणि तें आपल्याच पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोंवतीं धरावें. कडें सैल पडलें तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अर्थात् हीं मापें म्हणजे चाळणी होय, निदान नव्हे. अशक्तपणामागें एखादा आजार, औषधांचा परिणाम किंवा मनाची उदासी आहे काय, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें.

"ओळखून तरी या वयांत उपयोग काय?" असें कोणी विचारील. बॉस्टन येथील वृद्धनिवासांतील १०० रहिवाशांवर मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. रहिवाशांचें सरासरी वय ८७. ज्यांनीं १० आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम केला, त्यांच्या स्नायूंचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें. नुसतें पौष्टिक पेय घेणाऱ्यांना असा लाभ झाला नाहीं!

म्हणून आहार व श्रम यांची जोड हवी. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास वृद्धांना दर किलो वजनामागें रोज सुमारें १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें मिळावींत. रात्रीं नुसत्या ताक-भातावर भागविणाऱ्यांच्या पानांत डाळ, दहीं, अंडें वा मासळी, ज्यास जें चालेल तें, वाढावें. डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व वजनें उचलण्याचा अभ्यास ठेवावा. आणि आपण घरच्यांनीं एक मोह आवरावा. "तुम्ही बसा, मी आणतें," असें आपण प्रेमानें म्हणतों; पण दिवसभर बसवून ठेवलेल्या पायांचें बळ त्या प्रेमानेंच सरतें. पाण्याचा तांब्या त्यांचा त्यांना आणूं द्यावा. पुढील खेपेस डॉक्टरांकडे गेल्यावर एवढेंच म्हणावें : "रक्तदाब तर पाहालच, यांची चालहि पाहा."