काडतूस निवडताना

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून शेतीशाळेत खतपाण्याचे बोलणे संपले, की एखादा बाप हमखास विचारतो, "साहेब, पोराला नेमबाजी शिकवायची आहे. काडतूस कोणते परवडेल?" लगेच शेजारचा विचारतो, "आणि तीच रायफल डुकरांना चालेल का?"

चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. औताचा बैल आणि शर्यतीचा बैल एकच असावा, असे म्हणण्यासारखे ते आहे. काडतुसाची किंमत डब्यावर लिहिलेली असते, पण ते महाग की स्वस्त हे आपले काम किती बारांत झाले यावर ठरते. म्हणून दोन्ही कामांचा हिशेब वेगवेगळा मांडू.

प्रथम पोराचे पाहू. ५० मीटरच्या नेमबाजीत पॉइंट बावीस लाँग रायफल हे काडतूस वापरतात. १८८७ साली अमेरिकेत ते निघाले आणि आजतागायत त्याची जागा कोणी घेतलेली नाही. शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, दारू चिमूटभर, धक्का नाहीच म्हटला तरी चालेल. ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या काठात असतो, त्यामुळे एकदा उडवलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. 

दुकानात याचे दोन मुख्य प्रकार दिसतात. एक साध्या वेगाचा, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. दुसरा जोरकस, ३८० मीटरच्या आसपास. आपला माणूस साहजिकच जोरकस उचलतो; औषध कडक असले की कीड लवकर मरते असे त्याला वाटते तसेच हे. इथे मात्र उलटे आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. जोरकस गोळी आवाजाच्या पुढे निघते आणि वाटेत हवा तिला त्या वेगाच्या खाली खेचते. त्या उंबरठ्यावर ती डळमळते, आणि वाराही तिला साध्या गोळीपेक्षा जास्त ढकलतो. साधी गोळी पहिल्यापासून उंबरठ्याच्या आत असते. स्पर्धेचे नेमबाज साध्या वेगाचेच काडतूस घेतात ते यासाठी. जास्त पैसे देऊन जास्त वेग घेण्यात नेमबाजाचा काहीही फायदा नाही.

आता खरी गोम. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. प्रत्येक नळीला कुठले तरी एक काडतूस मानवते. शेजारच्याच्या रायफलीत उत्तम चाललेले आपल्या रायफलीत फाकते. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. बियाण्याची पिशवी आपण लॉट नंबर पाहून घेतो आणि आधी उगवण तपासतो, तसेच इथे करावे. तीन-चार प्रकारच्या काडतुसांचा एकेक डबा आणावा. रेंजवर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक प्रकाराच्या १० गोळ्या एका कागदावर माराव्यात, आणि असे प्रत्येकी तीन-चार कागद करावेत. भोकांचा पुंजका पट्टीने मोजावा. जो सातत्याने लहान येईल त्याच लॉटचे वर्षभराचे काडतूस परवान्यात बसेल तेवढे एकदम घ्यावे. एका कागदावर निकाल लावू नये; एका वाफ्यावरून आपण वाण ठरवतो का?

हे महागडे परदेशी मॅच काडतूस पहिल्या दिवसापासून लागते, असे मात्र नाही. नवशिक्या पोराचा हातच तळहाताएवढा फाकतो. तिथे काडतुसाची फाक बोटभर आहे की अर्धे बोट, याने काय बिघडते? पहिले वर्ष स्वस्त काडतूस खुशाल वापरावे. पोराचा हात काडतुसापेक्षा चांगला झाला, की मग स्वस्त काडतूस महाग पडू लागते, कारण गोळी चुकली तर चूक आपली की डब्यातल्या मालाची हे त्याला कळत नाही. ज्या सरावातून चूक कळत नाही तो सराव पाण्यात गेला.

त्याच्याही आधी एअर रायफल. साडेचार मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, दहा मीटर अंतर, एवढ्यावर श्वास, घोडा आणि उभे राहणे हे सारे शिकता येते. २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या आणि साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट बावीसला लागतो, आणि साधारण नियम २१ वर्षे पूर्ण असण्याचा आहे. त्याहून लहान मुलांनी क्लबच्या रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेत्या झाल्या, तेव्हा मुलींनाही पाठवायला हरकत नसावी.

आता डुकरांचे. हाती आलेला भुईमूग एका रात्रीत उकरून जातो तेव्हा माणसाच्या मनात काय येते ते मी जाणतो. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करत असतील, तर अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच मारता येतात, आणि मारलेले जनावर सरकारजमा होते. बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे.

पॉइंट बावीसने डुकरावर बार टाकणे हे पाप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. गोळी चरबीत अडकते, जनावर जखमी होऊन उसात शिरते आणि सकाळी तोडीला आलेल्या टोळीवर धावते. मग लोक म्हणतात, पॉइंट तीनशे पंधरा घेऊ. लष्कराचे ३०३ चे काडतूस जनतेच्या हाती जाऊ नये म्हणून ब्रिटिशांच्या काळात हे बोअर हिंदुस्थानात रूढ झाले. आजही रायफल ईशापूरची आणि काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे मिळते. गोळी जवळजवळ १६ ग्रॅमची, जोर पॉइंट बावीसच्या वीसपट. डुक्कर नक्कीच पडेल. पण नेम चुकला तर गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि आपल्या शिवारात दोन किलोमीटरवर कोणाची ना कोणाची वस्ती असतेच. अंधारात मक्याच्या पलीकडे कोण झोपले आहे हे कोणाला दिसते? रायफलीसाठी म्हैस विकायला निघालेल्याला मी हेच विचारतो. 

घरात वडिलोपार्जित बाराबोअर असेल तर परवानगीच्या कामाला ती पुरे. तिच्यात एसजी घालावे. औंसाला आठ छर्रे, प्रत्येक साडेतीन ग्रॅमचा. चार किंवा सहा नंबर स्वस्त पडतो म्हणून डुकरावर वापरू नये. ते पाखरांचे छर्रे, डुकराला नुसते टोचतात. एसजीसुद्धा पंचवीस मीटरच्या आतच. अंतर वाढले की छर्रे फाकतात. तीस मीटरवर पाऊण ते एक मीटरभर पसरतात आणि निम्मे वाया जातात. चुकलेले छर्रेही सहा-सातशे मीटर जाऊ शकतात, तेव्हा समोर मातीचा बांध किंवा उतार असल्याशिवाय बार टाकू नये. जुन्या बंदुकीच्या नळीवर घराची लांबी कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या घरात ७० चे काडतूस सहज बसते, आणि तिथेच घात होतो. उडताना पुंगळीचे तोंड उघडायला जागा राहत नाही, दाब वाढतो, नळी फुटू शकते. दुकानदाराला लांबी सांगूनच काडतूस मागावे.

नुसते हुसकावण्यासाठी काडतूस खर्च करू नये. डबा वाजवा, दिवा फिरवा, कुंपण करा. वरातीत बार काढणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांनीही ऐकावे: २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

साठवणीबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवत, आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत. कारण पुढे १९२१ साली उलगडले: घोड्यांच्या मुतातला अमोनिया. आपला गोठा आणि युरियाची खोली वेगळी नाही. काडतुसे घरात, कोरड्या, कुलूपबंद लोखंडी पेटीत, बंदुकीपासून वेगळी ठेवावीत. तडा गेलेले किंवा हिरवे पडलेले काडतूस वापरू नये. ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावे. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, मगच बंदूक उघडावी.