कंपवात : हाताबरोबर मनाचीही विचारपूस

घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला की आपण लगेच डॉक्टर गाठतो. पण तेच अब्बा गप्प राहू लागले, मशिदीत जाईनासे झाले, ईदला आलेल्या पाहुण्यांतही बसेनात, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, हे दुर्लक्ष महागात पडते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. त्याने हालचाल मंदावते आणि मनावरही परिणाम होतो. उदासी आणि घबराट या आजाराचाच भाग असू शकतात. ईमान किंवा सब्र कमी पडल्याची ती खूण नव्हे.

चेहऱ्यावरून मात्र मनाचा अंदाज येत नाही. चेहऱ्याची हालचाल कमी होते, आवाज बारीक होतो. आनंदात असलेला माणूसही सुन्न दिसतो आणि आतून खचलेलाही तसाच दिसतो. म्हणून विचारावेच लागते.

त्यासाठी डॉक्टरांकडे प्रश्नावल्या असतात. ‘पीएचक्यू-९’ मध्ये मागच्या दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात. पण झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि मंदपणा या ५ प्रश्नांचे गुण नुसत्या कंपवातानेही वाढू शकतात. ज्येष्ठांसाठीच्या १५ प्रश्नांच्या ‘जीडीएस’ यादीत झोप-भुकेचे प्रश्न नाहीत. उत्तर फक्त हो किंवा नाही. गुण म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरच करतात.

घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. गोळीचा असर उतरला की अनेकांची घबराट वाढते. म्हणून दर वेळी गोळी घेतल्यानंतर साधारण तेवढ्याच वेळाने विचारावे आणि ती वेळ लिहून ठेवावी. दुसरी गोष्ट भाषेची. ‘नैराश्य वाटते का?’ यावर अम्मी ‘नाही’ म्हणतील. ‘दिल लगता है क्या?’ विचारले तर मन मोकळे करतील. उत्तर मात्र त्यांनाच देऊ द्यावे.

‘पीएचक्यू-९’चा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. खुदकुशी हराम, म्हणून आपल्या घरांत तो कुणी विचारत नाही. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उलट ओझे हलके होते. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

इंदापूरहून दर वेळी पुणे गाठणे सोपे नाही. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. पुण्यात रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ काम करते. उदासीवर औषधे आणि समुपदेशन दोन्ही आहेत. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना थरथर किती वाढली याबरोबर ‘मन कसे आहे’ हेही कागदावर लिहून न्या.