हातांतलें चाक आणि रस्त्यावरचें चाक

सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगांकडे पाहिलें असतां त्यांत एक मौजेचा योग आढळून येतो. १९१९ सालीं स्थापन झालेल्या सिंदिया जहाज कंपनीच्या संस्थापकांत ते होते. १९४० सालीं त्यांनीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना काढला. आणि १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारींची कंपनी स्थापिली. जहाज, विमान आणि मोटार हीं तिन्ही वाहनें यंत्राच्या बळावर चालतात खरीं. परंतु तिन्हींची भिस्त असते ती सुकाणूंवर. यंत्र बंद पडलें तर मोटार फार तर जागच्या जागीं उभी राहील. सुकाणूं सुटलें तर मात्र तीच मोटार उतारावरून सुटलेल्या धोंड्यासारखी होते.

याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फिआट जातीच्या मोटारी तयार होत असत. १९६४ पासून ‘११०० डी’ ही गाडी निघूं लागली आणि १९७४ पासून तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. २००० सालच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची तिची टॅक्सीही निवृत्त झाली. तथापि वडिलांनीं हौसेनें घेतलेली अशी एखादी गाडी कित्येक घरीं अद्यापि जपून ठेवलेली असते. ती विकवत नाहीं, आणि नुसती झांकून ठेवणेंही जिवावर येतें. मग सणावारीं तिला पुसून-धुवून घरांतील मंडळी सोलापुराहून तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरकडे निघतात. अशा गाडीचें स्टिअरिंग बिघडल्यास दोष कोठें शोधावा व तो कसा दूर करावा, एवढाच येथें विषय आहे.

प्रथम या यंत्राची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. चालकाच्या हातांतील चाकापासून एक लांब दांडा खालीं उतरतो. त्याच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे असतात व ते एका तेल भरलेल्या पेटींत बसविलेले असतात. आट्यांना भिडलेला दुसरा भाग त्यांच्याबरोबर थोडा थोडा वळतो आणि पेटीबाहेर असलेला एक आंखूड हात डावीकडे-उजवीकडे हलवितो. या हाताला मिस्त्री लोक ‘ड्रॉप आर्म’ म्हणतात. त्याची हालचाल मधल्या आडव्या दांड्याकडे जाते. पेटी गाडीच्या उजव्या अंगाला असल्यामुळें डाव्या अंगाला या दांड्यास आधार देणारा दुसरा हात असतो. तो ‘आयडलर आर्म’. शेवटीं दोन टोकांचे दोन ‘टायरॉड’ ती हालचाल पुढच्या दोन चाकांपर्यंत पोंचवितात. दांडे जेथें जेथें जोडलेले असतात, तेथें तेथें वाटींत गोळा बसवावा तसा ‘बॉल जॉइंट’ असतो. अँबॅसडर गाडींत पेटीऐवजीं दातेरी पट्टीची रचना असे. पण टोकाचे सांधे तिलाही होतेच.

हे इतके दांडे कशासाठीं, असा प्रश्न कोणीही विचारील. गाडी वळतांना आंतल्या बाजूचें चाक लहान वर्तुळांत फिरतें व बाहेरचें मोठ्या वर्तुळांत. म्हणून आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळावें लागतें. म्युनिकच्या लांकेन्सपर्गर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें ही युक्ति घोड्यांच्या गाड्यांसाठीं काढली, आणि १८१८ सालीं लंडनमध्यें आकरमान यानें तिचें पेटंट घेतलें. मोटारीचा जन्म त्यानंतर पाऊणशें वर्षांच्या आंतबाहेर झाला. दांड्यांची लांबी आणि कोन यांच्याशीं वाटेल तसा खेळ करूं नये, याचें कारण हें आहे.

आतां दोषाकडे वळूं. हातांतलें चाक थोडें फिरविलें तरी रस्त्यावरचें चाक हलत नाहीं, या मोकळ्या जागेला मिस्त्रींच्या भाषेंत ‘प्ले’ म्हणतात. किंचित् प्ले प्रत्येक जुन्या गाडींत असावयाचाच. परंतु त्याला मर्यादा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं ती ३० अंशांची ठरविली आहे. घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंत जेवढें अंतर, तेवढे हे ३० अंश. ही मर्यादा मोठी वाटत नाहीं. पण तिचा हिशेब करून पाहावा. हातांतलें चाक १६ अंश फिरलें म्हणजे रस्त्यावरचें चाक १ अंश वळतें, असें धरूं. ३० अंशांचा प्ले मध्यापासून दोन्हीकडे पंधरा-पंधरा अंश वांटला गेला, तर पुढचीं चाकें चालकाच्या नकळत सुमारें १ अंश इकडे किंवा तिकडे वळूं शकतात. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक पुढें जाते. फिआटच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.३४ मीटर धरून ढोबळ गणित केल्यास, तेवढ्या एका सेकंदांत गाडी सुमारें १ मीटर बाजूला सरकते. समोरून मालमोटार येत असेल, तर हा १ मीटरच सर्व कांहीं ठरवितो.

नेहमीं घडणारा प्रकार असा. मुलगा गाडी चालवीत असतो आणि वडील शेजारीं बसलेले असतात. सरळ रस्त्यावरही मुलाचे हात सारखे हलत असतात. वडील म्हणतात, ‘जुनी गाडी आहे, चालायचेंच.’ पुढें गाडी दुरुस्तीला जाते. पेटीच्या माथ्यावर एक लहान स्क्रू असतो. तो घट्ट केला कीं प्ले तात्काळ कमी होतो. पांच मिनिटांत काम, खर्चही नाहीं. सर्वांना समाधान वाटतें. परंतु पंधरवड्यानें एखाद्या वळणावर असें ध्यानांत येतें कीं, वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ येत नाहीं. तें अडकल्यासारखें राहतें. दोष गेलेला नसतो, उलट दुसरा एक वाढलेला असतो.

असें कां व्हावें? पेटींतील आटे मध्यभागीं अधिक झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्यभागची झीज नाहींशी करण्यापुरता स्क्रू आवळला, म्हणजे न झिजलेल्या कडेच्या भागीं आटे एकमेकांत रुततात. आणि पुष्कळदां तर मूळ दोष पेटींत नसतोच. तो टायरॉडच्या टोकाला असतो. सोलापुरांत माग ज्यानें पाहिला आहे, त्याला ही गोष्ट सहज पटेल. चादरींत दोष दिसला म्हणजे जाणता जॉबर चादर ओढून सरळ करीत नाहीं. तो मागाकडे जातो. हाताला जें जाणवतें तें लक्षण होय. कारण हातापासून लांब, गाडीच्या पोटाखालीं असूं शकतें.

म्हणून पाना उचलण्यापूर्वीं तपासणी करावी, आणि ती क्रमानें करावी. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर प्रथम दोन्ही टायरांतील हवा पाहावी, नंतर एका चाकाचा ब्रेक धरून राहतो कीं काय तें पाहावें. ठराविक वेगालाच हातांतलें चाक थरथरत असेल, तर बहुधा चाकांचा तोल बिघडलेला असतो. स्टिअरिंग जड झालें असेल, तर हवा कमी आहे, सांधे कोरडे पडले आहेत, किंवा पेटींतील तेल आटलें आहे. या तिन्हींपैकीं कांहींच नसून केवळ सैलपणा असेल, तरच पुढची परीक्षा करावी.

या परीक्षेला दोन माणसें लागतात. गाडी सपाट जागीं, चाकांवरच उभी असावी आणि इंजिन बंद असावें. एकानें हातांतलें चाक थोडें थोडें डावीकडे-उजवीकडे हलवावें. दुसऱ्यानें खालून पाहावें आणि एकेका सांध्यावर हात ठेवीत जावें. ज्या सांध्यांत एका बाजूनें हालचाल शिरते पण दुसऱ्या बाजूनें तत्काळ बाहेर पडत नाहीं, तोच दोषी. दांडा फिरूनही ड्रॉप आर्म स्तब्ध राहिला, तर दोष पेटींत. पेटीच जागची हलत असेल, तर तिचे बोल्ट ढिले आहेत किंवा ज्या पत्र्याला ती जखडली आहे त्यालाच तडा गेला आहे. ही शेवटची गोष्ट जुन्या, गंजलेल्या गाडींत अवश्य पाहावी.

मग पुढची बाजू जॅकनें उचलावी. मात्र केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं जाऊं नये, भक्कम आधार द्यावा. चाक घड्याळाप्रमाणें बारा व सहा या जागीं धरून हलवावें. तें डुगडुगलें तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजली आहे. त्याच वेळीं दुसऱ्यानें ब्रेक दाबावा. डुगडुग थांबली तर दोष बेअरिंगचा, न थांबली तर किंगपिनचा. चाक तीन व नऊ या जागीं धरूनच सैल लागलें, तर टायरॉडचा सांधा पाहावा.

झिजलेला बॉल जॉइंट दुरुस्त होत नाहीं. तो बदलावाच लागतो. तुटका किंवा वाकडा हात वेल्डिंग करून, तापवून सरळ करून पुन्हां बसविणें हें तर उघड उघड जिवाशीं खेळणें होय, कारण तापविलेल्या पोलादाची मूळची ताकद पुढें राहील याची शाश्वति नसते. सांधा काढतांना नटावर हातोडी मारूं नये. ज्या डोळ्यांत तो बसलेला असतो त्याच्या कडेवर ठोकावें, म्हणजे पकड सुटते. जुना सांधा किती फेऱ्यांत निघाला तें मोजून ठेवावें व नवा तितक्याच फेऱ्यांनीं बसवावा. नटांतून जाणारी फटीची पिन प्रत्येक वेळीं नवी घालावी. तिची किंमत नगण्य, पण नट सुटूं न देण्याचें काम तीच करते. सांध्यांवर रबरी टोपी असावी व बोल्ट-पिना पक्क्या जखडलेल्या असाव्या, असें वर सांगितलेल्या नियमांतही म्हटलें आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यांत रबर तडकतें. तडकलेल्या टोपींतून काळ्या मातीची धूळ आंत जाते आणि वंगणाचें खरकागद होऊन बसतें. म्हणून टोपी फाटली कीं सांधा बिघडण्याची वाट पाहूं नये. पेटींत कारखान्यानें सांगितलेलें तेलच घालावें. जाड ग्रीस कोंबल्यास तें आट्यांवर परत वाहून येत नाहीं. सर्व काम संपल्यावर पुढच्या चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. पेटीच्या स्क्रूची पाळी आली तर ती सर्वांत शेवटीं, आणि तीही चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळें फिरतें कीं नाहीं हें पाहून.

स्टिअरिंग एकाएकीं तुटलें, असें अपघातानंतर लोक म्हणतात. क्वचित् तें खरेंही असतें. बहुधा मात्र त्यानें पूर्वसूचना दिलेली असते. कधीं टक् असा आवाज, कधीं वाढता प्ले, कधीं एकाच बाजूनें झिजलेला टायर. चालत्या गाडींत असा संशय आल्यास वेग वाढविणारा पाय उचलावा, बेतानें ब्रेक लावीत गाडी कडेला थांबवावी, आणि घर जवळ आहे म्हणून तशीच पुढें नेऊं नये.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून मिळते. परंतु पांच वर्षांतून एकदां होणारी तपासणी झीज थांबवूं शकत नाहीं. ज्या घरीं अशी गाडी आहे, तेथें प्रत्येक उन्हाळ्यापूर्वीं दोन माणसांनीं अर्धा तास खर्चून वरील परीक्षा करावी. वडिलांची गाडी आहे, तिच्यांतलें कांहीं बदलवत नाहीं, ही भावना समजण्यासारखी आहे. पण वडिलांची आठवण झिजलेल्या सांध्यांत नसते. तो सांधा वेळीं बदलला, तरच त्या गाडींतून नातवंडांना तुळजापूरला नेतां येईल.