गेलेल्या माणसाचे कागद

घरातील माणूस गेल्यानंतर पैशाचा विषय काढणे आपल्याकडे अप्रशस्त मानले जाते. तेरावा होईपर्यंत कपाटाला कोणी हात लावत नाही. नंतर मुले आपापल्या गावी परततात आणि कागद जिथल्या तिथे राहतात. कोरोनाच्या दोन लाटांनी तर तेरावाही धड होऊ दिला नाही. एक जण रुग्णालयात, दुसरा विलगीकरणात, तिसरा परगावी अडकलेला, अशा स्थितीत कोणता कागद कुठे गेला हे कोण पाहणार? शासनाची मदत जाहीर होऊनही अर्ज न केलेली घरे आपल्याही ओळखीत असतील. कदाचित आपलेच घर त्यांपैकी एक असेल.

आरोग्यविषयक पाक्षिकात या विषयाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारी आजी, इन्सुलिनचे चार एकक कमी टोचून घेणारे आजोबा, ‘डोळ्यांचे पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारी काकू ही माणसे डॉक्टरांना खरे कारण सांगत नाहीत. कारण बहुधा पैशाचे असते. म्हणून ज्येष्ठांची सेवा करणाऱ्याने औषधांच्या डबीइतकेच कागदांच्या पिशवीकडेही लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

पन्नास हजारांचे सानुग्रह साहाय्य

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला आदेश दिला, की कोरोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना किमान साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवावीत. मागणी चार लाखांची होती. प्राधिकरणाने ५०,००० रुपये ठरवले आणि ४ ऑक्टोबर रोजी न्यायालयाने त्यास मान्यता दिली. महाराष्ट्र शासनाचा निर्णय २६ नोव्हेंबर २०२१ रोजी निघाला. रक्कम राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून थेट नातेवाइकाच्या बँक खात्यात जमा होत असे. ही भीक नव्हे आणि कोणा पुढाऱ्याची कृपाही नव्हे. पुष्कळ वृद्ध स्त्रिया ‘आता तो पैसा घेऊन काय करू’ म्हणून बाजूला झाल्या. त्यांच्या भावनेचा मान राखावा. पण अर्ज मात्र करायला हवा होता. पैसा आल्यावर तो कसा खर्चावा, हे त्यांना सावकाश ठरवता आले असते.

अर्ज राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करायचा होता. घरात संगणक जाणणारे कोणी नसेल तर सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात तो भरून मिळत होता. अर्जदाराचे आधार कार्ड, त्याच्या बँक खात्याचा तपशील, मृत व्यक्तीचा मृत्यू दाखला, आजाराचा पुरावा आणि इतर वारसांचे ना हरकत पत्र एवढे कागद लागत. खाते अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचे आणि चालू असावे लागे. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते बँक निष्क्रिय करते आणि मग मंजूर झालेली रक्कमही परत जाऊ शकते. आजीचे खाते असे पडून असेल, तर अर्जाआधी एकदा बँकेत जाऊन शंभर रुपये भरा किंवा काढा.

खरी अडचण मृत्यू दाखल्याची होती. हातात दाखला असे, पण त्यावर कोरोनाचे नाव नसे. ते पाहून अनेक जण घरूनच माघार घेत. येथे ठाम राहायला हवे होते. केवळ दाखल्यावर कोरोना हे कारण लिहिलेले नाही, एवढ्यावरून कोणत्याही राज्याने साहाय्य नाकारू नये, असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले होते. चाचणीचा बाधित असल्याचा अहवाल, किंवा रुग्णालयात डॉक्टरांनी केलेले निदान, आणि त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, हा निकष होता. मृत्यू घरी झाला असला तरी तो मोजला जात होता. रुग्ण ३० दिवसांनंतरही सलग रुग्णालयातच होता आणि तेथेच दगावला, तर तोही मोजला जात होता. बाधित झाल्यापासून ३० दिवसांत ज्यांनी खचून जीवन संपवले, त्यांच्या कुटुंबीयांनाही हा हक्क होता. लोकलाजेमुळे अशी घरे सर्वांत मागे राहिली.

चाचणीचा अहवाल सापडत नाही, अशी तक्रार फार ऐकू येई. प्रथम मृत व्यक्तीचा मोबाइल पाहा. प्रयोगशाळेचा संदेश त्यात असण्याची शक्यता मोठी आहे. तो मोबाइल नातवाला खेळायला देऊन रिकामा करण्यापूर्वी पाहा, हे वेगळे सांगायला नको. संदेश नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून केसपेपरच्या प्रती मागा. रुग्णालय टाळाटाळ करत असेल, किंवा अर्ज फेटाळला गेला असेल, तर जिल्हा पातळीवर आणि महापालिका क्षेत्रात तक्रार निवारण समिती होती. ही समिती रुग्णालयाकडून कागद मागवू शकत होती, दाखल्यात दुरुस्तीही सुचवू शकत होती. परिपूर्ण अर्ज आल्यापासून ३० दिवसांत रक्कम देण्याचे बंधन शासनावर होते. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. पोचेवरील तारीखच पुढे आपल्या कामी येते.

पासबुकातील ३३० रुपये

आता जरा जुने पासबुक काढा. मुलगा, सून किंवा जावई कोरोनाने गेला असेल, तर त्याच्या पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ३३० रुपयांची वजावट दिसते का, ते पाहा. ही नोंद प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची असते. पन्नाशीपर्यंतच्या खातेदाराला तीत सहभागी होता येते, संरक्षण वयाच्या ५५ वर्षांपर्यंत चालते आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी नामनिर्देशित व्यक्तीला २ लाख रुपये मिळतात. बँकेच्या काउंटरवर कधीतरी सही केलेली असते आणि घरात कोणालाच पत्ता नसतो. शेजारी १२ रुपयांची वजावट दिसली तर ती मात्र अपघात विम्याची आहे. कोरोनाच्या मृत्यूला ती लागू नाही. दावा त्याच शाखेत करायचा असतो.

गेलेला माणूस एखाद्या कारखान्यात वा कंपनीत नोकरीला होता आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता, तर निधीच्या रकमेखेरीज ठेव संलग्न विमाही असतो. त्याची कमाल मर्यादा २०२१ मध्ये ७ लाख रुपये करण्यात आली. वेतनातून राज्य विमा महामंडळाची वर्गणी जात असेल, तर महामंडळाच्या कोविड साहाय्य योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराच्या अवलंबितांना त्याच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम दरमहा देण्याची तरतूद होती. वृद्ध आईवडील मुलावर अवलंबून असतील, तर त्यांनी ‘हे सुनेचे आणि मुलांचे’ असे समजून गप्प बसू नये. अवलंबितांत आपण येतो का, हे कार्यालयात विचारावे. तसे विचारताना सुनेशी आधी बोलावे, एवढे पथ्य पाळले तर घरातले वाद टळतात.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती साठीच्या आत गेली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये तहसील कार्यालयातून मिळतात. पन्नास हजार मिळाले म्हणून हे मिळणार नाहीत, असे समजू नका. दोन्हींचे अर्ज आणि निकष वेगवेगळे आहेत.

दरमहाचा आधार

एकरकमी मदत औषधपाण्यात आणि देण्याघेण्यात संपून जाते. वृद्धाला खरा आधार दरमहा येणाऱ्या रकमेचा असतो. निराधार विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. २०२२ मध्ये दरमहा १,००० रुपये मिळत होते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. ही मर्यादा इतकी तोकडी आहे की मजुरी करणारे घरही कागदोपत्री तिच्याबाहेर पडते. शासनाने ती केव्हाच वाढवायला हवी होती. तरीही कमावता माणूस गेल्यावर घराचे उत्पन्न बदलते, हे लक्षात घ्या. गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर नाकारलेला अर्ज नव्या उत्पन्नाच्या दाखल्यावर मंजूर होऊ शकतो. तलाठ्याकडे जाऊन बदललेली परिस्थिती सांगा आणि नवा दाखला मागा.

ज्यांच्या यजमानांना शासकीय निवृत्तिवेतन होते, त्या भगिनींनी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी विलंब करू नये. निवृत्तिवेतन अदायगी आदेश, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, तो कागद शोधा. मृत्यू दाखला आणि पीपीओ घेऊन बँकेत गेले की पुढची वाट बँक सांगते. काही घरांत मृत्यू कळवलाच जात नाही आणि निवृत्तिवेतन जमा होत राहते. मागाहून ती सगळी रक्कम वसूल होते आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्याहून कमी असल्याने मोठी ओढाताण होते.

हयातीच्या दाखल्याचा प्रश्न वेगळा. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी महासाथीच्या काळात मुदत २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत वाढवली होती. गर्दीत जाणे टाळायचे असेल तर पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो. त्यासाठी ७० रुपये आकार आहे. पण म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते ओळखत नाही. अशा वेळी आजोबांना वाटते, आता निवृत्तिवेतनच बंद झाले. तसे काही नसते. ठसा उमटत नसेल तर कोमट पाण्याने बोटे धुऊन, कोरडी करून, दुसऱ्या बोटाचा प्रयत्न करा. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आणली आहे. काहीच जमले नाही तर जुन्या पद्धतीचा कागदी दाखला आहेच.

आजीआजोबांच्या पदरात आलेली नातवंडे हा या महासाथीचा सर्वांत अवघड भाग. दोन्ही पालक गमावलेल्या बालकासाठी राज्य शासनाने ५ लाख रुपयांची ठेव ठेवली. केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतून वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळतात. एक पालक गेला असेल तरी बालसंगोपन योजनेचे दरमहा अनुदान लागू होऊ शकते. या सर्वांसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचे कार्यालय गाठावे. सत्तरीतल्या माणसाने एकट्याने तेथे जाऊ नये. सोबत अंगणवाडी सेविका किंवा शाळेतील शिक्षक असतील तर बोलणे सोपे होते.

रुग्णालयाची बिले अजून जपून ठेवली असतील तर तीही एकदा पाहून घ्या. मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले होते: साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,०००. जून २०२१ पासून शहराच्या वर्गानुसार ते बदलले. बिल याहून फार अधिक वाटत असेल, तर महापालिकेकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखापरीक्षणासाठी लेखी तक्रार करता येत होती.

शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळते. अंगठा उमटत नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत सांगा.

या सगळ्या धावपळीत एक सावधगिरी हवी. ‘तुमचे पन्नास हजार मंजूर झाले, मोबाइलवर आलेला आकडा सांगा’ असा दूरध्वनी आला, तर तो ठेवून द्या. शासकीय कार्यालय ओटीपी विचारत नाही आणि मंजुरीसाठी आगाऊ पैसे मागत नाही. सेतू केंद्राचे शुल्क ठरलेले असते, त्याची पावती घ्या. कोणाला विचारावे हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशव्यापी मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ विनाशुल्क चालते.

येत्या रविवारी घरातील तरुणांपैकी एकाने आजीजवळ बसावे. मृत्यू दाखल्याच्या पाच प्रती, आधार, पासबुक, शिधापत्रिका, पीपीओ आणि केसपेपर एका पिशवीत घालावेत; वर मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असे, आत काय आहे ते लिहावे. आजी मधेच जुन्या फोटोपाशी थांबेल. थांबू द्यावे. कार्यालय सोमवारी उघडते.