रॅप, टी. व्ही. आणि आमचे आबा

आमच्या घरात टी. व्ही. एकच आहे आणि तो माजघरात आहे. या एका कारणामुळे हा लेख लिहावा लागत आहे. दोन असते, तर आबांनी त्यांचे कीर्तन पाहिले असते, माझ्या धाकट्या भावाने त्याचे रॅप पाहिले असते, आणि एकाला काय आवडते याचा दुसऱ्याला पत्ताही लागला नसता.

आमचे गाव कराड तालुक्यात, कृष्णाकाठी. मी शिकायला सांगलीस असते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे घरातले कोणतेही भांडण मिटवायचे काम माझ्याकडे येते. 'तू शिकल्याली हाईस, तूच सांग आता,' असे म्हणून सगळे मोकळे होतात. हे रॅपचे भांडणही तसेच माझ्याकडे आले. ते मला मिटवता आले नाही, पण ते कशामुळे होते याचा थोडाफार उलगडा झाला. तोच येथे मांडते.

भांडणाची सुरुवात 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते पर्व सुरू झाले आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी संपले. शेवटी उरलेले दोघेही महाराष्ट्राचे होते : अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा रॅप गायक एम. सी. स्टॅन. आबा आणि वडील शिवच्या बाजूचे, भाऊ स्टॅनच्या. स्टॅन जिंकला. पण खरा खटका त्याआधीच, वर्षअखेरीस उडाला होता. एका रात्री त्या कार्यक्रमात रॅपची मैफल झाली. भाऊ टी. व्ही.समोर उभा राहून प्रत्येक शब्द बरोबरीने म्हणत होता. आबांनी उठून बटण बंद केले आणि म्हणाले, ''ह्याला गाणं म्हंत्यात व्हय? नुसती बडबड. एक अक्षार कळंल तर शपथ.'' भाऊ न जेवता झोपला. पुढे कितीतरी दिवस त्याने आबांशी बोलणे टाकले होते.

ज्या प्राध्यापकांना व वाचकांना रॅप ऐकण्याचा प्रसंग आला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. रॅप म्हणजे ठेक्यावर, गाण्यापेक्षा बोलण्याच्या अधिक जवळ जाणाऱ्या आवाजात, यमकांची गच्च वीण करून म्हटलेले शब्द. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने एका मेजवानीत तबकड्या वाजवल्या, तो दिवस या साऱ्या प्रकाराचा जन्मदिवस मानतात. म्हणजे ज्याला आपण 'आजकालच्या पोरांचे खूळ' म्हणतो ते माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे आहे. वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटले नाही. मग त्यांनाच आठवले, की १९९२ च्या सुमारास बाबा सेहगलचे 'ठंडा ठंडा पानी' त्यांनी कॅसेटवर पुष्कळ ऐकले होते. ''पर त्येच्यातलं शब्द कळायचं,'' असे ते म्हणाले.

'शब्द कळायचे' आणि 'शब्द कळत नाहीत', हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की हळूहळू माझी शंका वळली. आपण याला आवडीनिवडीचा प्रश्न समजतो, पण तो आधी ऐकण्याचा प्रश्न नसेल ना?

आबा तरुणपणी भेदिक शाहिरीच्या फडात तुणतुणे धरीत आणि झील ओढीत. आपल्या सातारा-सांगलीकडे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका पक्षाने पुराणातला कूट प्रश्न गाण्यात घालायचा आणि दुसऱ्याने गाण्यातच त्याचा भेद उकलायचा, असे रात्र-रात्र चाले. हे सारे रॅपच्या जुगलबंदीसारखेच आहे, असे भाऊ म्हणतो, आणि अलीकडे पुष्कळ लोक म्हणतात. मला ही तुलना जरा सोपी वाटते. साम्य आहेच. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो, रॅप म्हणणाराही स्वतःचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. पण आबांकडून फडाची रीत नीट विचारून घेतली तेव्हा एक मोठा फरक लक्षात आला. शाहिराने ओळ टाकली की झीलकरी तिचे शेवटचे शब्द उचलून पुन्हा म्हणतात. पालुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते. महत्त्वाच्या जागी डफ थांबतो आणि शाहीर तेच गद्यात समजावून सांगतो. म्हणजे पहिल्यांदाच ऐकणाऱ्या, मागे बसलेल्या, दिवसभर राबून आलेल्या माणसालाही शब्द पोहोचावा अशी त्या कलेची बांधणीच आहे. ध्वनिक्षेपक नव्हता, छापील पुस्तक नव्हते, गाणे एकदाच कानावर पडायचे. ते एकदाच ऐकून कळले पाहिजे, ही त्या कलेची अट होती.

रॅपची अट याच्या उलट आहे. ओळ एकदाच येते आणि निघून जाते. कारण ऐकणारा ती पुन्हा लावू शकतो हे म्हणणाऱ्याला ठाऊक असते. माझा भाऊ नवे रॅप मोबाइलवर पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्यालाही ते पूर्ण कळत नाही, हे त्याने माझ्याजवळ कबूल केले आहे. तो ते वीस वेळा, चाळीस वेळा ऐकतो, शब्द लिहिलेले शोधून वाचतो, मित्रांना अर्थ विचारतो. त्यानंतर कधीतरी ते टी. व्ही.वर लागते. त्या वेळी तो ऐकत नसतो, ओळखत असतो. आबा मात्र ते आयुष्यात प्रथमच ऐकत असतात, तेही मधूनच, अर्ध्या शिव्यांवर 'टूं' आवाज टाकलेला, कॅमेरा दर क्षणाला उड्या मारणारा. एकाच खोलीत एकाच पडद्यासमोर बसलेले दोघे एकच कार्यक्रम पाहत होते असे आपण म्हणतो. वास्तविक एकाची ती चाळिसावी वेळ होती आणि दुसऱ्याची पहिली.

या वर्षी साहित्यशास्त्र शिकताना अभिनवगुप्तांची 'सहृदया'ची कल्पना वाचली. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे ते मानतात. वर्गात हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे, सर मला क्षमा करोत, कानात यंत्र घालून उसाच्या ट्रॉलीवर बसलेला माझा भाऊ आला.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत 'सुपर बोल' नावाचा फुटबॉलचा मोठा सामना असतो आणि त्याच्या मध्यंतरात गाण्याचा कार्यक्रम होतो. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे तो केंड्रिक लामार या रॅप गायकाने केला. सुमारे १३ कोटी ३५ लाख लोकांनी तो पाहिला. तो संपतो न संपतो तोच तेथील पुष्कळ वयस्क प्रेक्षकांची तक्रार सुरू झाली : एक शब्द कळला नाही! ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांची ही गत. दुसरीकडे मैदानातले हजारो लोक त्याचे 'नॉट लाइक अस' हे रॅप त्याच्याबरोबर म्हणत होते. ते मे २०२४ मध्ये निघाले होते, आणि सामन्याच्या आठवडाभर आधी त्याला पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली होती. तरुणांना ते तोंडपाठ होते. त्याआधी तीन वर्षे, २०२२ साली, याच सामन्यात डॉक्टर ड्रे, स्नूप डॉग, एमिनेम अशी जुनी मंडळी आली होती. तेव्हा चाळिशी-पन्नाशीचे लोक खूश झाले, कारण ती त्यांच्या ऐन तारुण्यातली गाणी होती. म्हणजे वयस्कांना रॅप कळत नाही हे म्हणणेही अपुरे आहे. ज्याने जे सतराव्या वर्षी ऐकले ते त्याला कळते.

मग भाषेचा प्रश्न येतो. स्टॅनची बोली पुण्याच्या वस्तीतली. हिंदीत मराठी मिसळलेली, वर इंग्रजीची फोडणी. त्याच्या तोंडी 'शेमडी' हा शब्द सारखा येई. आजी त्यावर पोट धरून हसे. ''अगं, आमच्यात शेमडी पोरगी म्हंजी नाक गळणारी, ह्यो कुणालाबी म्हंतुय!'' शब्द ओळखीचा आणि अर्थ अनोळखी, ही अवस्था अगदी परक्या भाषेपेक्षा अधिक गोंधळात टाकते.

याचा उलटा पुरावाही मिळाला. स्टॅन जिंकल्यावर दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर एका मराठी रॅपबद्दल गुन्हा नोंदवला गेला. राज्यातल्या सत्तांतरावर, 'खोक्यां'वर ते रॅप होते आणि त्यात कोणाचेही नाव घेतलेले नव्हते. बातम्यांच्या वाहिन्यांवर त्याचे तुकडे दिवसभर दाखवत होते. आबांनी ते ऐकले, पुन्हा लागले तेव्हा पुन्हा ऐकले, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, ''ह्यो शाहीर हाय!'' भाषा आपली, विषय माहितीचा, आणि बातमीवाल्यांनी झीलकऱ्यासारखी तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकवलेली. भावाने तेव्हाच, बऱ्याच दिवसांनी, आबांकडे बघून तोंड उघडले : ''आबा, ह्ये रॅपच हाय.'' आबा म्हणाले, ''असंल.''

येथेच मला वाटले होते की सारे समजले. पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती समजल्यावर मला माझीच लाज वाटली. गेल्या पावसाळ्यानंतर आबांना मिरजेला कानाच्या तपासणीस नेले. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर आलेख काढून दाखवला. वय वाढले की उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात. स, श, फ, त, क यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत येतात. स्वर आणि ढोलाचा ठोका खालच्या पट्टीत, म्हणून ते ऐकू येत राहतात. त्यामुळे अशा माणसाला 'कोणीतरी बोलते आहे' हे कळते, 'काय बोलते आहे' ते कळत नाही. बोलणे जलद असेल आणि मागे वाद्य वाजत असेल तर आणखीनच अवघड. आवाज वाढवून उपयोग नाही, कारण त्याबरोबर ठोकाही वाढतो. रॅपमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम असतात. आबा खरे तेच सांगत होते : एक अक्षर कळत नाही. आम्ही त्याला हट्ट समजलो, जुना माणूस समजलो, आणि भाऊ तर 'डाउनमार्केट' म्हणाला.

सगळेच कानावर ढकलता येणार नाही, हेही खरे. आबांचे काही आक्षेप समजून-उमजून आहेत. फडात समोरच्याला कोड्यात अडवायचे असते, त्याच्या आईवर जायचे नसते, असे ते म्हणतात. रॅपमधल्या बायकांविषयीच्या शिव्या ऐकून मलाही टी. व्ही. बंद करावासा वाटतो, आणि या मुद्द्यावर मी आबांच्या बाजूची आहे. पण आजी दोघांनाही सोडत नाही. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आबांचे दैवत. कुलकर्ण्याच्या घरचा मुलगा तमाशात गेला म्हणून त्या काळच्या वडीलधाऱ्यांनी त्यांनाही नावे ठेवलीच होती. आजी म्हणते, ''त्येंचं चांगलं का पोराचं, आम्हाला काय ठावं? आम्हाला फडात कुठं कुणी बसू दिलं?'' आजीने तमाशा कधी पाहिला नाही. रॅप मात्र तिने माजघरात बसून, निवडायचे धान्य पुढ्यात घेऊन पाहिले. साडेचार महिने ती स्टॅनला रोज पाहत होती; त्याला घरची आठवण येते, त्याला तिथून निघून जायचे आहे, हे तिला ठाऊक झाले होते. वय आबांइतकेच, शब्द तिलाही कळत नव्हते. पण तो कोणाचा तरी पोर आहे हे तिला कळले होते, आणि तेवढ्यावर तिला त्याचे रॅप गोड लागे. पिढी-पिढी म्हणून जो हिशेब आपण मांडतो त्यात आजी कुठेच बसत नाही.

भाऊ सध्या कराडला आय. टी. आय. करतो आणि स्वतः रॅप लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर त्याने एक लिहिले आहे. एका कार्यक्रमात ते म्हणायला त्याला परवानगी मिळाली नाही. 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे कारण मिळाले. मग दिवाळीच्या सुटीत मी ते वहीत उतरवून घेतले आणि ओट्यावर आबांच्या डाव्या बाजूला, त्यांच्या बऱ्या कानाशी बसून सावकाश वाचले. ठेका नाही, वाद्य नाही. भाऊ दारात उभा होता. आबांनी प्रत्येक ओळ दोनदा म्हणायला लावली. तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून त्यांची बोटे उंबऱ्यावर चालू लागली. संपल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ''यमक बरं हाय. पर दम कुठं घ्यायचा त्ये ठरवलं न्हाईस. आन् पाणी आलं त्येवढंच सांगितलंस, गेलं कवा? गेल्यावर घरात काय ऱ्हायलं त्ये कोण सांगणार?''

भाऊ म्हणाला, की पाणी ओसरल्याचे कडवे तो लिहील. पण ओळ दोनदा म्हणणार नाही, रॅपमध्ये तसे नसते. आबा म्हणाले, ''मग झील ओढणाऱ्यानं काय करायचं?'' त्यावर दोघांचा पुन्हा वाद झाला आणि तो जेवणापर्यंत चालला. कडवे अजून लिहून झालेले नाही.