हाताला कळणारा वेग

मुरबाड-शहापूर भागात शर्यत म्हटली की आधी बैलगाडा आठवतो. संगणकापुढे स्टिअरिंग धरून बसलेल्या मुलाला ‘गेम खेळतोय’ म्हणून मोकळं होणं म्हणूनच सोपं जातं. पण सिम रेसिंगचं, म्हणजे सिम्युलेटरवरच्या शर्यतीचं, काम जवळून पाहिलं की हे मत टिकत नाही. 1982च्या ‘पोल पोझिशन’मध्ये वेग फक्त डोळ्यांना दिसायचा. सायबर कॅफेत गाजलेल्या ‘रोड रॅश’मध्ये तर शेजारच्या मोटरसायकलवाल्याला हाणण्यातच अर्धी मजा होती. सिम्युलेटर वेगळ्या वाटेनं गेला. 2008 साली सुरू झालेल्या ‘आयरेसिंग’नं खरे ट्रॅक लेझरनं मोजून घेतले, अगदी डांबरातल्या उंचवट्यांसकट. टायरवर भार किती, तो तापला किती, घसरतोय किती, हे गणित सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्याचं उत्तर मोटरमार्फत स्टिअरिंगमध्ये उतरतं. पुढच्या चाकांची पकड सुटू लागली की स्टिअरिंग हलकं पडतं. बैलाची ओढ कासऱ्यातून कळावी, तसंच हे. ब्रेकचं काम त्याहून नाजूक. चांगलं पेडल पायाचा जोर मोजतं, आणि वळणात शिरताना तो जोर बेताबेतानं कमी करत नेणं हे शिकायला महिने जातात.

खुर्चीत ना अंगावर भार येतो, ना जिवाची भीती वाटते, हा आक्षेप खरा आहे. पण 2011ची ‘जीटी अकॅडमी’ स्पर्धा जिंकून व्हिडिओ गेममधून थेट ट्रॅकवर आलेला यान मार्डनबरो 2013च्या ‘ले माँ’च्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या आलेल्या संघात होता. त्याचीच गाडी 2015 साली न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला. त्या प्रसंगाचं ओझं कुठलंही सॉफ्टवेअर शिकवू शकत नाही. तरीही गाडीची पकड ओळखणारे हात खुर्चीत तयार होतात, हे मार्डनबरोनं दाखवून दिलं.

उरतो खर्चाचा प्रश्न, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. चांगलं स्टिअरिंग आणि पेडल मुरबाड तालुक्यातल्या धसई गावच्या शेतकरी घराला परवडणारं नाही. पण खऱ्या सरावासाठी कोइम्बतूर किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक गाठायचा, तर गाडी, टायर, इंधन सगळंच आवाक्याबाहेर. सिम्युलेटर मात्र एक घेतला तर अनेकांना पुरतो. आणि नवं यंत्र गावात येतच नाही असंही नाही: डिसेंबर 2016मध्ये धसई राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा स्वाइप मशीन इथल्या दुकानांपर्यंत आलंच होतं. शिवाय डिसेंबर 2022मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. आता तालुक्यात एका तरी शाळेत किंवा आयटीआयमध्ये असा एक सिम्युलेटर बसवावा आणि मुलांना त्यावर हात चालवू द्यावा.